उजवीकडून वाचा: इंग्रजी शब्द कसे बनतात हे ओळखण्याची पद्धत

मराठी माध्यमातून शिकून ऐरोली, महापे, घणसोलीच्या ऑफिसांत पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्यांना इंग्रजीचं व्याकरण फारसं अडवत नाही. अडवतात ते शब्द. मेलमध्ये, घरभाड्याच्या करारात, दवाखान्याच्या कागदावर एखादा लांबलचक शब्द समोर येतो आणि वाचन तिथेच थांबतं. मी कळव्याच्या मराठी शाळेतली, याच वाटेने गेलेली. एका क्लासमध्ये आम्हाला शब्दांची जाडजूड छापील यादी देऊन रोज वीस पाठ करायला सांगायचे. त्या यादीत ‘डिसाइड’ एका पानावर, ‘डिसिजन’ भलतीकडे आणि ‘इनडिसायसिव्ह’ पार शेवटी. हे तीन शब्द एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

खरं तर आपली तयारी आधीच झालेली असते. शाळेच्या मराठी व्याकरणात उपसर्ग, प्रत्यय, समास, संधी हे सगळं आपण शिकलेलो असतो. तीच अवजारं इंग्रजीला लागू पडतात, फक्त कुठे लावायची ते कळावं लागतं. या लेखातली मुख्य गोष्ट एकच आहे: इंग्रजी शब्दाचं उजवं टोक आधी बघा. शब्द वाक्यात काय काम करतो ते बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं.

काय काय लागेल

- एक दोनशे पानी वही. मी इथे सगळे शब्द देवनागरीत लिहिले आहेत, कारण आधी कानाला ओळख पटावी. वहीत मात्र प्रत्येक शब्द रोमन लिपीत, पूर्ण स्पेलिंगसह लिहा.
- शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोघांचेही इंटरनेटवर फुकट बघता येतात. शब्दातल्या कुठल्या भागावर जोर द्यायचा त्याची खूण त्यात असते आणि उच्चार ऐकताही येतो. नुसत्या इंग्रजी-मराठी कोशावर भागवू नका.
- एटिमऑनलाइन ही साइट. शब्द कुठून आला ते तिथे सापडतं. रोज लागणार नाही, पण अडलं की उपयोगी पडते.
- मराठी व्याकरणाचं शाळेतलं पुस्तक. घरात नसेल तर वाचनालयात मिळेल. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे.
- तुमच्या स्वतःच्या आयुष्यातले इंग्रजी कागद: पगाराची स्लिप, भाडेकरार, सोसायटीची नोटीस, बँकेचा फॉर्म, रक्ताचा रिपोर्ट.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. यादीतला शब्द विसरतो. ज्याच्यावर आपली सही होणार आहे तो शब्द विसरत नाही.

१. ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात करा

पहिला आठवडा नवा शब्द शिकायचाच नाही. जे शब्द रोज तोंडात आहेत ते उघडून बघायचे. नौपाडा, पाचपाखाडीत जुन्या इमारतींवर ‘रिडेव्हलपमेंट’ची पाटी दिसते. आपल्या आजीलाही हा शब्द माहीत आहे. त्याचे तुकडे पाडा: ‘री’, ‘डेव्हलप’, ‘मेंट’. मधला तुकडा मूळ शब्द, म्हणजे विकास करणे. डावीकडचा ‘री’ म्हणजे पुन्हा. उजवीकडच्या ‘मेंट’मुळे क्रियापदाचं नाम झालं. आपण ‘पुनर्विकास’ म्हणतो तेव्हा ‘पुनर्’ हा तुकडा तेच काम करतो.

तसाच ‘ट्रान्स-हार्बर’. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, आरपार. ठाणे ते वाशी लाइनला हे नाव आहे, पण तोच तुकडा ‘ट्रान्सपोर्ट’, ‘ट्रान्सफर’, ‘ट्रान्सलेट’मध्ये बसलेला आहे. सामान पलीकडे नेणं, बदलीवर पलीकडे जाणं, अर्थ एका भाषेतून पलीकडच्या भाषेत नेणं.

असे पंधरा-वीस शब्द वहीत फोडा. बोर्डावरचे, तिकिटावरचे, ॲपवरचे. ‘अनऑथराइज्ड’, ‘नॉन-रिफंडेबल’, ‘पॅसेंजर’, ‘प्रीपेड’.

२. मूळ शब्द एकटा उभा राहतो का ते बघा

‘डेव्हलप’ हा शब्द एकटा वापरता येतो. पण ‘रिसीव्ह’मधून ‘री’ काढला तर ‘सीव्ह’ उरतो आणि या अर्थाचा असा शब्द इंग्रजीत नाही. इथे नवशिक्यांचा गोंधळ होतो. वाटतं की आपलं फोडणं चुकलं. चुकलेलं नसतं. ‘सीव्ह’ हा लॅटिनमधून आलेला तुकडा आहे, धरणे किंवा घेणे या अर्थाचा. तो फक्त दुसऱ्याच्या आधाराने राहतो: रिसीव्ह, डिसीव्ह, कन्सीव्ह, पर्सीव्ह.

आणि याचा फायदा मोठा आहे. असे तुकडे नाम होताना सगळे एकाच पद्धतीने बदलतात. रिसीव्हचं रिसेप्शन, डिसीव्हचं डिसेप्शन, पर्सीव्हचं पर्सेप्शन. ‘ड्यूस’चं तसंच: रिड्यूस–रिडक्शन, प्रोड्यूस–प्रॉडक्शन, इंट्रोड्यूस–इंट्रोडक्शन. ‘स्क्राइब’चं बघा: सबस्क्राइब–सबस्क्रिप्शन, प्रिस्क्राइब–प्रिस्क्रिप्शन, डिस्क्राइब–डिस्क्रिप्शन. वहीत अशा कुटुंबाला एक पान द्या. एक पान भरलं की दहा-बारा शब्द एकदम हाताशी येतात.

३. आता उजवं टोक

‘मेंट’, ‘शन’, ‘नेस’, ‘इटी’, ‘शिप’ने संपला तर नाम. ‘फुल’, ‘लेस’, ‘एबल’, ‘अस’, ‘इव्ह’ने संपला तर बहुतेक विशेषण. ‘आइझ’, ‘इफाय’ने संपला तर क्रियापद. एवढं हाताशी असलं की अर्थ माहीत नसलेला शब्दही वाक्यात कुठे बसतो ते कळतं आणि मग अर्थाचा अंदाज बांधणं सोपं जातं.

दोन-तीन प्रत्यय लागले असतील तर सगळ्यात उजवीकडचा निकाल देतो. ‘केअर’, ‘केअरलेस’, ‘केअरलेसनेस’. लेसमुळे विशेषण झालं होतं, नेसने त्याचं परत नाम केलं. मराठीतही ‘निष्काळजी’ला ‘पणा’ लावला की नाम होतं, तसंच हे.

त्याच्याही पलीकडे, अगदी शेवटी लागणारे आणखी आठ प्रत्यय आहेत, ते मात्र नवा शब्द बनवत नाहीत. अनेकवचनाचा एस, मालकी दाखवणारा एस, ‘ही गोज’मधला एस, भूतकाळाचा ‘ईडी’, ‘आयएनजी’, ‘टेकन’मधला ‘ईएन’, आणि तुलनेचे ‘अर’ व ‘एस्ट’. आपल्याकडे ‘घर’चं ‘घराला’, ‘घरात’ होतं तेव्हा शब्द तोच राहतो. यांचंही तसंच. फोडताना हे आठ आधी बाजूला काढा.

इथले सापळे नीट बघा, कारण यात अनेकजण वर्षानुवर्षं अडकून राहतात.

‘ली’ लागलं की क्रियाविशेषण, असं सरसकट शिकवलं जातं. विशेषणाला ‘ली’ लागलं तर ते खरं आहे: क्विक, क्विकली. नामाला लागलं तर मात्र विशेषण होतं: फ्रेंडली, कॉस्टली, मंथली. म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली’ हे वाक्य कानाला लंगडं लागतं. आणि ‘हार्डली’ म्हणजे जोराने नाही. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. साहेबांसमोर सहकाऱ्याचं कौतुक करताना हा शब्द फार जपून वापरा. ‘लेटली’ म्हणजेही उशिरा नाही, तर अलीकडे.

‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’, ‘बोर्ड’ आणि ‘बोरिंग’. ज्याच्या मनात भावना उठते त्याला ‘ईडी’, जी गोष्ट भावना उठवते तिला ‘आयएनजी’. ‘आय ॲम बोरिंग’ म्हटलं तर मी कंटाळवाणा माणूस आहे असा अर्थ होतो.

‘नेस’ आणि ‘इटी’मधलं कुठलं लावायचं? ‘नेस’ हा इंग्रजीचा घरचा प्रत्यय, तो जवळजवळ कुठल्याही विशेषणाला चालतो आणि मूळ शब्दाला धक्का लावत नाही. ‘इटी’ फ्रेंच-लॅटिनमार्गे आलेला, तो त्याच वळणाच्या शब्दांना लागतो आणि लागताना उच्चारही हलवतो: क्युरियस–क्युरिऑसिटी. ‘एबल’ने संपणाऱ्या शब्दाचं मात्र बेधडक ‘एबिलिटी’ करा: रिलायेबल–रिलायेबिलिटी.

४. ‘अर’ आणि ‘ई’: करारातली दोन माणसं

याला वेगळी पायरी दिली, कारण इथे पैशाचा आणि सहीचा प्रश्न येतो.

भाड्याने घर घेताना आपण ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार करतो. त्यात ‘लायसन्सर’ आणि ‘लायसन्सी’ हे दोन शब्द पानोपानी येतात. फरक फक्त शेवटाचा. ‘ओआर’ किंवा ‘ईआर’ने संपणारा म्हणजे देणारा, करणारा. दोन ‘ई’ने संपणारा म्हणजे ज्याला मिळतं किंवा ज्याच्यासाठी केलं जातं तो. म्हणजे लायसन्सर घरमालक आणि लायसन्सी तुम्ही. ‘डिपॉझिट लायसन्सीला परत करायचं’ असं कलम असेल तर ते तुमच्या बाजूचं आहे.

हाच नियम सगळीकडे वापरा. एम्प्लॉयर नोकरी देणारा, एम्प्लॉई नोकरी करणारा. ट्रेनर, ट्रेनी. चेकवर ‘अकाउंट पेयी’ असतं, म्हणजे ज्याला पैसे मिळायचे त्याच्याच खात्यात जमा. बँकेच्या फॉर्मवरचा ‘नॉमिनी’ म्हणजे ज्याचं नाव तुम्ही दिलं तो. हा प्रत्यय कायद्याच्या कागदांत एवढा का दिसतो, तर इंग्लंडच्या न्यायालयांत कित्येक पिढ्या फ्रेंच चालत होती आणि ‘ई’ तिथूनच आला. काही शब्द नियमाबाहेर गेले आहेत. ‘अटेंडी’ म्हणजे हजर राहणारा, ‘एस्केपी’ म्हणजे पळालेला. पण करारातल्या जोड्यांना नियम लावायला हरकत नाही.

५. डावं टोक: उपसर्ग

उपसर्ग अर्थ बदलतो, शब्दाची जात सहसा बदलत नाही. ‘हॅपी’ विशेषण, ‘अनहॅपी’ही विशेषण. ‘एन’ हा मोठा अपवाद: ‘लार्ज’ विशेषण, ‘एनलार्ज’ क्रियापद. ‘एनेबल’, ‘एनशुअर’ याच गटातले.

‘अन’ दोन प्रकारचा आहे हे लक्षात ठेवा. विशेषणाला लागला तर ‘नाही’: अनसेफ. क्रियापदाला लागला तर ‘केलेलं उलटवणे’: अनलॉक, अनडू, अनइन्स्टॉल. म्हणून ‘अनलॉकेबल’चे दोन अर्थ निघतात, कुलूप उघडता येण्याजोगं आणि कुलूपच लावता न येण्याजोगं. आधी कुठला तुकडा जोडला त्यावर अर्थ ठरतो. ‘अनब्रेकेबल’मध्ये असा प्रश्न येत नाही, कारण ‘अनब्रेक’ असा शब्दच नाही.

आता संधी. शाळेत आपण उत् अधिक लेख बरोबर उल्लेख, सत् अधिक जन बरोबर सज्जन असं घोकलंय. पुढच्या व्यंजनाच्या ओढीने आधीचं व्यंजन बदलतं. लॅटिनमध्ये नेमकं हेच व्हायचं आणि ते इंग्रजी स्पेलिंगमध्ये गोठून राहिलं आहे. ‘इन’ म्हणजे नाही. लीगलला लागला की एनचा एल झाला, म्हणून ‘इलीगल’मध्ये दोन एल. रेग्युलरला लागला की ‘इर्रेग्युलर’, दोन आर. मॅच्युअरला लागला की दोन एम. ‘पी’ आणि ‘बी’च्या आधी एनचा एम: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स.

हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले होते. कारण इंग्रजीत दुहेरी अक्षरं कुठे येतात ते पाठच करावं लागतं, असा आमच्या वर्गात सगळ्यांचाच समज होता. तसं नाही. ‘ॲड’ हा दुसरा लॅटिन उपसर्ग घ्या, ‘कडे’ अशा अर्थाचा. अप्लायमध्ये त्याचा पी झाला, अटेंडमध्ये टी, अराइव्हमध्ये आर, असिस्टमध्ये एस. म्हणून या सगळ्यांत ते अक्षर दोनदा. ‘कॉम’ हा तिसरा: कमिटमध्ये दोन एम, कलेक्टमध्ये दोन एल, करेक्टमध्ये दोन आर, कनेक्टमध्ये दोन एन.

आणि आता भाड्याच्या घराच्या जाहिरातीत नेहमी चुकणारा शब्द घ्या: ‘अकॉमोडेशन’. यात ‘ॲड’ आणि ‘कॉम’ दोन्ही आहेत. ॲडचा डी पुढच्या सीमुळे सी झाला, म्हणून दोन सी. कॉमच्या एमला पुढचा एम भेटला, म्हणून दोन एम. पुन्हा चुकणार नाही.

उपसर्गांचा एक सापळा जिवावर बेतणारा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे टँकर सतत ये-जा करतात. त्यांच्यावर कधी ‘फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, कधी ‘इन्फ्लेमेबल’. दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा आहे. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. कारखान्यात, गोदामात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगा. तसाच ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, तर अनमोल.

‘री’मध्येच ‘परत’ आहे, म्हणून ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’ मेलमध्ये लिहू नका. ‘प्रीपोन’ हा आपल्या देशात फार चालणारा शब्द. ‘पोस्टपोन’मधला ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, त्याजागी ‘प्री’ म्हणजे आधी बसवला. नियमाने बनलेला आहे, मोठ्या इंग्रजी कोशांनी तो नोंदवलाही आहे. इथल्या सहकाऱ्यांशी खुशाल वापरा. परदेशातल्या क्लायंटला मात्र मीटिंग ‘ब्रिंग फॉरवर्ड’ करतोय असं लिहा, म्हणजे त्याला विचारात पडावं लागणार नाही.

६. जोडावर लक्ष ठेवा, स्पेलिंग सुटतं

‘डिसअपिअर’मध्ये एस एक की दोन? ‘डिस’ आणि ‘अपिअर’, जोडावर एकच एस. ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये डिसचा एक आणि पुढच्या शब्दाचा एक, म्हणून दोन. ‘मिसस्पेल’ दोन एस, ‘अननेसेसरी’च्या सुरुवातीला दोन एन. तुकडे माहीत असले की ही शंका येतच नाही.

उजवीकडच्या जोडावर तीन गोष्टी बघा. शब्दाच्या शेवटी मुका ‘ई’ असेल आणि प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर ‘ई’ बहुधा गळतो, व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो: यूझेबलमध्ये गळाला, यूसफुलमध्ये राहिला. मात्र ‘नोटिसेबल’, ‘मॅनेजेबल’मध्ये ‘ई’ ठेवावा लागतो, नाहीतर सीचा उच्चार ‘क’ आणि जीचा ‘ग’ होईल. व्यंजनानंतरच्या शेवटच्या ‘वाय’चा ‘आय’ होतो, हॅपीचं हॅपिनेस. आणि ‘फुल’ प्रत्यय असताना त्यात एकच एल.

७. जोडशब्द

इथेही उजवं टोकच मुख्य. ‘हाउसबोट’ ही बोट, ‘बोटहाउस’ ही इमारत. मराठीतल्या तत्पुरुष समासात दुसरं पद महत्त्वाचं असतं, ‘राजवाडा’ हा वाडाच असतो, तसंच. महापालिकेच्या साइटवर ‘प्रॉपर्टी टॅक्स पेमेंट रिसीट’ अशी चार नामांची रांग दिसली की शेवटून उलगडा: पावती, कशाची, भरण्याची, काय भरल्याची, कराची, कुठल्या, मालमत्तेच्या.

‘पिकपॉकेट’ मात्र पॉकेट नाही, खिसेकापू आहे. ‘स्केअरक्रो’ कावळा नाही, बुजगावणं आहे. दोन्ही पदं सोडून तिसराच अर्थ. आपण याला बहुव्रीही म्हणतो आणि इंग्रजीचे भाषाशास्त्रज्ञही अशा शब्दांना बहुव्रीहीच म्हणतात. संस्कृत व्याकरणातून त्यांनी हे नाव जसंच्या तसं उचललं आहे. ‘द्वंद्व’ही उचललं आहे.

जोडशब्दात पहिलं पद सहसा एकवचनी राहतं. दात बत्तीस असले तरी ‘टूथब्रश’. ‘स्टेशनपासून दहा मिनिटांवर’ सांगताना ‘अ टेन-मिनिट वॉक’, मिनिट्स नाही.

ऑफिसात रोज लागणारा भाग असा: ‘लॉगिन’ एकत्र लिहिलं तर नाम, ‘लॉग इन’ सुटं लिहिलं तर क्रियापद. बॅकअप, सेटअप, चेकआउट सगळ्यांना हेच. क्रियापद असताना भूतकाळाचा प्रत्यय पहिल्या तुकड्याला लागतो, ‘लॉग्ड इन’.

८. काहीच न लावता बदललेले शब्द

इंग्रजीत नाम तसंच उचलून क्रियापद करता येतं: ईमेल, टेक्स्ट, बुक. मराठीत आपल्याला ‘करणे’ जोडावं लागतं, त्यांना नाही. उरणच्या बंदराशी संबंधित कामात असाल तर एवढं बघा: ‘एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट’ नाम असताना जोर पहिल्या भागावर, क्रियापद असताना दुसऱ्या भागावर. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’ यांचंही तेच. ‘ॲडव्हाइस’ नाम, त्यात सी आणि उच्चार ‘स’. ‘ॲडव्हाइज’ क्रियापद, त्यात एस आणि उच्चार ‘झ’.

९. आखूड नावं

लांब शब्द तोडून लॅब, एग्झाम, फ्लू झाले. ‘बस’ हे ‘ऑम्निबस’चं शेपूट आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. दोन शब्द एकमेकांत घुसवून ब्रेकफास्ट आणि लंचचा ‘ब्रंच’ झाला, स्मोक आणि फॉगचा ‘स्मॉग’.

आद्याक्षरांची नावं दोन तऱ्हेची असतात आणि दोन्ही आपल्या दारात आहेत. १९७० साली स्थापन झालेलं सिडको हे पूर्ण शब्दासारखं वाचलं जातं. १९६२ चं एमआयडीसी अक्षर अक्षर सुटं वाचतात. लेझर, रडार पहिल्या तऱ्हेचे, एटीएम दुसऱ्या. याचा उपयोग ‘अ’ आणि ‘ॲन’ निवडताना होतो. तिथे अक्षर बघायचं नसतं, उच्चार बघायचा असतो. ‘अ सिडको फ्लॅट’, पण ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’, कारण एम म्हणताना आधी ‘ए’ येतो. ‘अ टीएमटी बस’, पण ‘ॲन एनएमएमटी बस’.

१०. दवाखान्यातले शब्द

या पायरीसाठी वेळ काढाच. घरातलं कोणी ॲडमिट असताना फाइलवरचे शब्द वाचता आले तर डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो. वैद्यकीय शब्द बहुतांश ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे असतात आणि ते फार शिस्तीत जोडलेले असतात.

उजवीकडून: ‘आयटिस’ म्हणजे दाह. हेपॅटायटिस यकृताचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा, गॅस्ट्रायटिस जठराचा. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे, जसं अपेंडेक्टमी. ‘स्कोपी’ म्हणजे आत बघणे. ‘ग्राफी’ म्हणजे चित्र किंवा नोंद घेणे, ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्त करून आकार देणे. म्हणून अँजिओग्राफी ही रक्तवाहिनीची तपासणी आणि अँजिओप्लास्टी हा तिच्यावरचा उपचार. नातेवाईक या दोन शब्दांत फार गोंधळतात आणि घाबरून जातात. ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र: नेफ्रॉलॉजी मूत्रपिंडाचं, न्यूरॉलॉजी मज्जासंस्थेचं, यूरॉलॉजी मूत्रमार्गाचं. पाटी बघून चुकीच्या रांगेत बसू नका.

डावीकडून दोनच, पण पक्के करा. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. घाईत ऐकताना दोन्ही सारखे वाटतात. हायपरथायरॉइड आणि हायपोथायरॉइड हे उलटे आजार आहेत, उपचारही उलटे. फोनवर कोणी सांगत असेल तर कागदाचा फोटो मागवून अक्षरं बघा. अंदाजावर राहू नका, आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांनाच विचारा.

११. उच्चारातला जोर

‘इक’, ‘शन’, ‘इटी’ हे प्रत्यय जोर ओढून आपल्या लगेच आधीच्या भागावर आणतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. ‘एज्युकेट’मध्ये ‘ए’वर, ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर. ‘नेस’, ‘मेंट’, ‘फुल’, ‘लेस’ जोराला हात लावत नाहीत. पहिल्या गटालाही ‘पॉलिटिक्स’सारखे थोडे अपवाद आहेत. कोशात खूण बघून, ऐकून, मोठ्याने तीनदा म्हणा. लोकलमध्ये लाज वाटत असेल तर घरी म्हणा, पण म्हणा.

१२. आपण बनवलेला शब्द तपासा

एवढं आलं की स्वतः शब्द बनवायची हिंमत येते, आणि यायलाच हवी. पण नियमाने बनणारा प्रत्येक शब्द वापरात असतोच असं नाही. ‘टीच’चा टीचर, पण ‘कुक’चा कुकर झाला तर तो भांडं असतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती ‘कुक’च. चोराला ‘स्टीलर’ म्हणत नाहीत, कारण ‘थीफ’ आधीपासून आहे. ‘फ्युरियस’चं नाम ‘फ्युरिऑसिटी’ नाही, ‘फ्युरी’.

उलट, दिसणारा प्रत्येक तुकडा खरा असतो असंही नाही. ‘कॉर्नर’मध्ये करणारा ‘अर’ नाही, ‘अंकल’मध्ये नकाराचा ‘अन’ नाही. ‘हॅम्बर्गर’चा हॅमशी संबंध नाही, तो जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आला. लोकांनी त्यात ‘बर्गर’ हा तुकडा पाहिला आणि चीजबर्गर, व्हेजबर्गर बनत गेले.

म्हणून शब्द बनवला की कोशात शोधा. सापडला तर त्याच्याखालचं उदाहरणवाक्य वहीत उतरवा. सापडला नाही तर मूळ शब्दाच्या पानावर जा आणि त्या कुटुंबातलं नाम किंवा विशेषण कुठलं दिलंय ते बघा, तुम्हाला हवा असलेला शब्द बहुतेक तिथेच असतो. मेल पाठवायची घाई असेल आणि कोश बघायला वेळ नसेल, तर नामाऐवजी क्रियापद वापरून वाक्य साधं करा. ‘डिसिजन’चं स्पेलिंग आठवत नसेल तर ‘वुई डिसायडेड’ लिहा, आणि घरी आल्यावर ‘डिसाइड’चं पान उघडून त्यावर राहिलेले शब्द भरून टाका.